तीन वाक्ये, तीन हकिकती : नोकरी सुटल्याच्या एका इंग्रजी अर्जाचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण नोकरी सुटल्यावर नव्या नोकरीसाठी केलेल्या एका अर्जाचे आहे. अर्ज एकाच पानाचा होता, त्यातली इंग्रजी वाक्ये मोजून सहा होती आणि त्यांतले प्रत्येक वाक्य लिहिणाऱ्याने खरे समजूनच लिहिले होते. तरीही ती वाक्ये सलग वाचली की हा माणूस काहीतरी लपवतो आहे, असा वाचणाऱ्याचा समज व्हावा, अशी त्यांची घडण झाली होती. प्रौढांना इंग्रजी शिकवताना असे अर्ज माझ्याकडे नेहमी येतात; पण व्याकरणाची चूक आणि माणसावरचा संशय यांच्यात किती थोडे अंतर असते, हे इतक्या स्वच्छपणे दुसऱ्या कुठल्याही कागदाने मला दाखवलेले नाही. अर्जदाराची ओळख पटेल असे सर्व तपशील येथे वगळले आहेत.

पार्श्वभूमी

अर्जदार एका कारखान्यात पॅकिंग मशीनवर ऑपरेटर होते. तिथे त्यांची सलग आठ वर्षे झाली होती. व्यवस्थापनाने एका लाइनचे काम दुसऱ्या कारखान्याकडे वळवले, ती लाइन बंद केली आणि तिच्यावरच्या सर्वांना एका महिन्याची नोटीस देऊन कामावरून कमी केले. हिशेब पूर्ण मिळाला, अनुभवाचा दाखला मिळाला आणि त्यांच्या कामाबद्दल कधी कोणाची तक्रार नव्हती. त्यानंतर त्यांनी दुसऱ्या ठिकाणी इंग्रजीतून अर्ज केला आणि काही दिवसांनी त्यांना फोन आला.

फोनवरचा पहिलाच प्रश्न होता, तुमच्याविरुद्ध तक्रार काय होती? त्यांनी गोंधळून तक्रार नव्हती असे सांगितले, तेव्हा दुसरा प्रश्न आला, मग राजीनामा का दिला? राजीनामा दिला नाही असे म्हटल्यावर तिसरा प्रश्न आला, म्हणजे सध्या तुम्ही तिथेच कामाला आहात का? संभाषण तिथेच संपल्यासारखे झाले. "त्यांनी माझा अर्ज वाचलाच नव्हता, सर," असे ते मला म्हणाले. अर्जाची प्रत त्यांनी सोबत आणली होती. मी ती वाचली आणि मला त्यांना सांगावे लागले की त्या माणसाने अर्ज फार काळजीपूर्वक वाचला होता, कारण तिन्ही प्रश्न त्या पानावरूनच निघाले होते.

नोकरी सोडण्याचे कारण या रकान्यात त्यांनी 'आय वॉज फायर्ड बिकॉज कंपनी क्लोज्ड वन लाइन' असे लिहिले होते. नोटिशीच्या रकान्यात 'आय गेव्ह वन मंथ नोटिस' असे होते. अनुभवाच्या रकान्यात 'आय ॲम वर्किंग ॲज मशीन ऑपरेटर सिन्स एट इयर्स' असे होते. पहिले वाक्य सांगते की मला काढून टाकले, दुसरे सांगते की मी स्वतः सोडले आणि तिसरे सांगते की मी अजून तिथेच आहे. एकाच पानावर एकाच नोकरीच्या तीन हकिकती झाल्या होत्या आणि त्यांतली एकही खरी नव्हती.

'फायर्ड' या शब्दाचा प्रश्न

हा शब्द कुठून आला ते शोधणे सोपे होते. घरी, शेजारी, मित्रांना त्यांनी 'मला कामावरून काढलं' असेच सांगितले होते आणि ऐकणाऱ्या कोणाचाही गैरसमज झाला नव्हता, कारण लाइन बंद झाल्याचे सर्वांना ठाऊक होते. बोलण्यातल्या मराठीत 'काढलं' या क्रियापदात दोन्ही घटना मावतात, चोरी करताना सापडल्यामुळे काढलेला माणूसही आणि काम संपल्यामुळे काढलेला माणूसही. लेखी मराठीत हा फरक आहे. 'बडतर्फ केले' म्हटले की ठपका आला, 'कामगार कपात झाली' म्हटले की कारण धंद्याचे झाले आणि 'कमी केले' हा त्यातल्या त्यात सौम्य प्रयोग. परंतु माणूस अर्ज लिहायला बसतो तेव्हा त्याच्या मनात लेखी मराठी नसते, रोजच्या बोलण्यातले वाक्य असते आणि भाषांतरही त्याच वाक्याचे होते.

त्यांनी शब्दकोश उघडला होता, हे मुद्दाम सांगायला हवे, कारण निष्काळजीपणा हे या चुकीचे कारण नव्हते. शब्दकोशात 'काढून टाकणे' यासमोर फायर, डिसमिस, सॅक, डिस्चार्ज, ले ऑफ असे शब्द एकापुढे एक, मध्ये फक्त स्वल्पविराम देऊन मांडलेले होते. स्वल्पविराम पाहिला की वाचणारा समजतो की यांतला कोणताही उचलावा. त्यांनी पहिला उचलला. नोकरी आणि कामगार या विषयावरची शब्दसंग्रहाची बहुतेक प्रश्नपत्रकेही याच पद्धतीने समानार्थी शब्दांच्या जोड्या लावायला सांगतात आणि विद्यार्थ्याच्या मनात हे शब्द एका ओळीत पक्के करून टाकतात, ही माझी जुनी तक्रार आहे.

'फायर' किंवा 'डिसमिस' म्हटले की इंग्रजी वाचकाचे लक्ष माणसाकडे जाते, त्याचे वागणे किंवा त्याचे काम मालकाला पटले नाही असे तो धरून चालतो. 'ले ऑफ' म्हटले की लक्ष कामाकडे जाते, काम उरले नाही असे तो समजतो. त्यामुळे पुढे 'बिकॉज कंपनी क्लोज्ड वन लाइन' असे खरे कारण दिलेले असूनही वाचणाऱ्याला वाक्याचे दोन तुकडे जुळेनात आणि अशा वेळी माणूस क्रियापदावर विश्वास ठेवतो, सबबीवर नाही.

मी त्यांना शब्द सांगितला नाही, तीन प्रश्न विचारले. निर्णय कोणी घेतला? कशामुळे घेतला? आणि तुमच्या जागेवर नंतर दुसरे कोणी आले का? तिसऱ्या प्रश्नावर ते थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, "जागाच राहिली नाही, सर. मशीनसुद्धा उचलून नेलं." सगळा उलगडा त्या उत्तरात होता. जागा राहून माणूस बदलला असता तर शब्द वेगळा लागला असता. जागाच गेली असेल तर इंग्रजीत 'लेड ऑफ' म्हणतात आणि ब्रिटिश वापरात 'मेड रिडंडंट' असेही म्हणतात.

'रिडंडंट' हा शब्द मी फळ्यावर लिहिला आणि त्याचा अर्थ सांगितला, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचा भाव बदलला. "म्हणजे मी फालतू?" असे त्यांनी विचारले. आठ वर्षे एकही खाडा न करता काम केलेल्या माणसाने हा शब्द स्वतःच्या हाताने स्वतःबद्दल लिहायचा, हे सोपे नाही. या शब्दाचे मूळ लॅटिन आहे आणि त्यात लाटेचा अर्थ आहे, भांडे भरून ओसंडून गेलेले जे उरते ते. ब्रिटिश वापरात तो ठरलेला, कायद्यातला शब्द असून त्यात अपमान नाही आणि अनावश्यक ठरते ती जागा, तो माणूस नव्हे, हे मी समजावले. त्यांना ते पटले, पण शब्द रुचला नाही. मीही आग्रह धरला नाही. ज्याला आपल्या आयुष्याबद्दल वाक्य लिहायचे आहे त्याला दोन बरोबर शब्दांपैकी एक निवडण्याचा हक्क असतो. त्यांनी 'लेड ऑफ' निवडले.

'ले ऑफ' हा प्रयोग पूर्वी प्रामुख्याने तात्पुरत्या विरामासाठी होता, काम मंदावले की घरी बसवायचे आणि वाढले की परत बोलवायचे. आता तो कायमच्या कपातीसाठीही सर्रास वापरतात. तात्पुरत्या सक्तीच्या रजेला 'फर्लो' हा वेगळा शब्द आहे आणि 2020 मध्ये महासाथीच्या काळात तो जगभर कानावर पडला. हे रूप लिहिताना आणखी दोन ठिकाणी पाय घसरतो. क्रियापदाची रूपे ले, लेड, लेड अशी आहेत. 'लाय' म्हणजे आडवे होणे किंवा खोटे बोलणे, त्याच्याशी घोटाळा करून 'लाइड ऑफ' असे लिहिलेले मी पाहिले आहे आणि अर्जात तर ते फारच वाईट दिसते. दुसरे म्हणजे नाम असेल तेव्हा 'लेऑफ' एक शब्द होतो, क्रियापद असेल तेव्हा दोन शब्द राहतात आणि सर्वनाम आले तर ते त्या दोहोंच्या मध्ये बसते, 'दे लेड अस ऑफ', 'दे लेड ऑफ अस' असे नाही.

नोटीस कोणी कोणाला दिली

'आय गेव्ह वन मंथ नोटिस' या वाक्यात एका बारीक चुकीखेरीज प्रत्येक शब्द बरोबर आहे आणि तरी वाक्य पूर्ण चुकीचे आहे. मराठीत 'एका महिन्याची नोटीस होती' असे म्हणून चालते, नोटीस कोणी दिली हे सांगावे लागत नाही. इंग्रजीत कर्ता लागतो आणि अर्जदाराने जवळ असलेला कर्ता, म्हणजे 'आय', लावला. परंतु 'आय गेव्ह नोटिस' याचा इंग्रजीत रूढ अर्थ 'मी नोकरी सोडत असल्याचे कळवले' असा होतो, म्हणजे राजीनामाच. कर्मणी प्रयोग केला की हकिकत उलटते, 'आय वॉज गिव्हन नोटिस', म्हणजे मला कळवण्यात आले. कर्मणी प्रयोग शाळेत 'वाक्य बदला, अर्थ तोच ठेवा' असा शिकवला जातो. कर्ता-कर्माची जागा नीट बदलली तर ते खरेही आहे. इथे मात्र कर्ता तसाच ठेवून केवळ क्रियापदाचे रूप बदलले की नोकरी सोडणारा आणि नोकरी गमावणारा अशी दोन वेगळी माणसे तयार होतात.

त्याच ओळीत 'वन मंथ नोटिस' हेही दुरुस्त करावे लागले. तिथे 'वन मंथ्स नोटिस' हवे आणि अपॉस्ट्रॉफी 'एस'च्या आधी हवी. दोन महिने असतील तर ती 'एस'च्या नंतर जाते. विद्यार्थ्यांना हे कठीण वाटते, पण 'एका महिन्याची नोटीस' यातला 'ची' दाखवला की चटकन कळते, कारण आपला तो षष्ठीचा प्रत्ययच तिथे अपॉस्ट्रॉफी होऊन बसलेला आहे.

राजीनाम्याबद्दलही एक इशारा मी दिला. 'मला राजीनामा द्यावा लागला' हे सांगण्यासाठी काही जण 'आय वॉज रिझाइन्ड' लिहितात. त्याचा अर्थ 'मी नशिबापुढे मान तुकवली होती' असा होतो. राजीनामा देणे माणूस स्वतःच करतो, म्हणून 'आय रिझाइन्ड' एवढेच पुरते.

काळाचा प्रश्न

'आय ॲम वर्किंग सिन्स एट इयर्स' हे वाक्य मी पाहताक्षणीच ओळखले. मराठीतल्या 'मी आठ वर्षांपासून काम करत आहे' या वाक्याचे ते शब्दशः रूप आहे. 'करत आहे' चे 'ॲम वर्किंग' झाले आणि 'पासून' चे 'सिन्स'. पण त्यांना तर 'काम केले' असे म्हणायचे होते, मग वर्तमानकाळ आला कुठून? विचारल्यावर कळले की हे वाक्य जुन्या बायोडेटातून जसेच्या तसे उतरवले होते आणि तो बायोडेटा नोकरी चालू असताना तयार केलेला होता. व्याकरणाची चूक तेव्हाही होतीच, पण तेव्हा त्या वाक्यातली हकिकत तरी खरी होती.

इंग्रजी इथे फार काटेकोर आहे. 'आय वर्क्ड देअर फॉर एट इयर्स' म्हणजे आठ वर्षे केले आणि ते संपले. 'आय हॅव वर्क्ड हिअर फॉर एट इयर्स' म्हणजे आठ वर्षे झाली आणि अजून इथेच आहे. 'आय हॅव बीन वर्किंग' म्हटले तरी काम चालूच आहे असे समजले जाते, फक्त त्याच्या सातत्यावर भर येतो. मराठीत 'आठ वर्षे काम केले आहे' हे नोकरी चालू असतानाही म्हणता येते आणि सुटल्यावरही, 'आहे' मुळे कोणी फसत नाही; म्हणून मराठी माणसाला या दोन इंग्रजी वाक्यांतला फरक ऐकून कळतो, पण लिहिताना हाताला येत नाही. 'सिन्स' नंतर कालबिंदू लागतो, 'सिन्स 2016' किंवा 'सिन्स मार्च'. 'फॉर' नंतर कालावधी लागतो. 'पासून' हा आपला प्रत्यय दोघांनाही चालतो, '2016 पासून' आणि 'आठ वर्षांपासून', आणि घोळ तिथेच सुरू होतो.

उरलेले पान

बाकीच्या तीन ओळींत ज्या चुका होत्या त्या मी भराभर दुरुस्त केल्या, कारण त्यांनी कोणाची दिशाभूल केली नव्हती. 'आय डिड मेनी वर्क्स' मध्ये 'वर्क' हे अगणनीय नाम आहे. कामे मोजायची असतील तर 'टास्क्स' किंवा 'जॉब्स' म्हणावे, 'वर्क्स' म्हणजे कलाकृती किंवा कारखाना. 'आय वॉज हँडलिंग सिक्स स्टाफ्स' मध्ये 'स्टाफ' हा समूह आहे, सहा माणसे म्हणजे 'सिक्स मेंबर्स ऑफ स्टाफ' किंवा सरळ 'अ टीम ऑफ सिक्स'. आणि 'हँडल' करतात ते यंत्र, माल किंवा तक्रार; माणसांसाठी 'सुपरव्हाइज्ड' बरे. वरच्या 'ॲज मशीन ऑपरेटर' मध्ये 'अ' राहून गेला होता. व्यवसाय सांगताना इंग्रजीत एकवचनी नामाला उपपद लागते, 'अ' की 'ॲन' हे उच्चारावर ठरते, म्हणून 'अ युनियन मेंबर' पण 'ॲन अवर्ली वर्कर'.

ऑक्युपेशन या रकान्यात त्यांनी 'सर्व्हिस' लिहिले होते. आपल्याकडे नोकरीला सर्व्हिस म्हणतात, त्यामुळे त्यांना ते उत्तर वाटले. वाचणाऱ्याला मात्र त्यातून काहीच कळत नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या व्यवसाय वर्गीकरणात, ज्याची सध्याची आवृत्ती 2008 ची म्हणून ओळखली जाते, 'जॉब' आणि 'ऑक्युपेशन' यांच्या व्याख्या वेगळ्या आहेत. एका माणसाने करायच्या कामांचा आणि कर्तव्यांचा संच म्हणजे 'जॉब' आणि मुख्य कामे पुष्कळशी सारखी असलेल्या अशा 'जॉब्स'चा गट म्हणजे 'ऑक्युपेशन'. त्यातल्या दहा मुख्य गटांपैकी आठवा गट यंत्रचालक आणि जुळणी कामगारांचा आहे आणि पॅकिंग मशीनचे ऑपरेटर त्यातच येतात. हे ऐकून ते म्हणाले, "मग जॉब गेला तरी ऑक्युपेशन राहिलं." व्याख्या इतक्या नेमकेपणाने परत सांगणारा विद्यार्थी मला क्वचित भेटतो. त्या रकान्यात त्यांनी 'पॅकिंग मशीन ऑपरेटर' लिहिले.

शेवटी त्यांनी विचारले की स्वतःला 'वर्कर' म्हणावे की 'एम्प्लॉयी'. हा प्रश्न फक्त प्रतिष्ठेचा नाही. 'एम्प्लॉयी' मधला शेवटचा 'ई' फ्रेंच कर्मणी रूपातून आला आहे. ज्याला कामावर ठेवले तो एम्प्लॉयी, ज्याला प्रशिक्षण दिले जाते तो ट्रेनी, ज्याची मुलाखत घेतली जाते तो इंटरव्ह्यूई. उलट 'एम्प्लॉयर' आणि 'वर्कर' मधला 'अर' करणाऱ्याचा आहे. (नियमाला अपवाद आहेत, पळून जाणारा स्वतःच पळतो, तरी त्याला 'एस्केपी' म्हणतात.) म्हणजे 'वर्कर' हा शब्द माणूस काय करतो ते सांगतो आणि 'एम्प्लॉयी' हा शब्द त्याचे मालकाशी नाते सांगतो. ब्रिटनच्या 1996 च्या रोजगार हक्क कायद्यात तर या दोन्हींच्या स्वतंत्र व्याख्या आहेत आणि 'वर्कर' ही त्यांतली अधिक व्यापक आहे. त्यांच्या अर्जात 'फॉर्मर एम्प्लॉयी' हे बरोबर होते, कारण रकाना आधीच्या कंपनीशी असलेल्या नात्याचा होता.

दुरुस्तीबद्दल एक मत

या पानावर मी लाल पेन चालवले असते तर दहा-बारा खुणा झाल्या असत्या आणि सगळ्या सारख्याच दिसल्या असत्या. गळालेला 'अ' आणि 'फायर्ड' यांना सारखाच एक गुण कापणारी तपासणी मला मान्य नाही. नोकरीविषयीच्या इंग्रजीत आधी पाहायचे ते हे की कोणी काय केले, कोणाच्या इच्छेने केले आणि ते चालू आहे की संपले. या तीन गोष्टी बरोबर असतील तर उपपदाची चूक असलेला अर्जही वाचणारा माणूस विश्वासाने वाचतो. 'आय वॉज लेड ऑफ व्हेन कंपनी क्लोज्ड वन लाइन' यात 'द' राहिला आहे, पण हकिकत पूर्ण खरी आहे.

दोन संध्याकाळी बसून आम्ही पान नव्याने लिहिले. कारणाच्या रकान्यात 'आय वॉज लेड ऑफ व्हेन द कंपनी क्लोज्ड माय प्रॉडक्शन लाइन', नोटिशीच्या रकान्यात 'आय वॉज गिव्हन वन मंथ्स नोटिस', अनुभवाच्या रकान्यात 'आय वर्क्ड ॲज अ पॅकिंग मशीन ऑपरेटर फॉर एट इयर्स'. लिहून झाल्यावर त्यांनी तिन्ही वाक्ये एका दमात मोठ्याने वाचली आणि 'वॉज गिव्हन' वर बोट ठेवून, हे मी दिलेलं नाही ना, अशी पुन्हा एकदा खात्री करून घेतली.

पुढच्या अर्जानंतर त्यांना फोन आला तेव्हा पहिला प्रश्न होता, ती लाइन का बंद झाली? या प्रश्नाचे उत्तर आम्ही तयार केले नव्हते, त्यांनी ते तिथल्या तिथे जुळवले आणि मला नंतर सांगितले : 'द वर्क वॉज मूव्ह्ड टू अनदर फॅक्टरी.'